कोचच्या नावावर काय जमा करायचं?

कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल मोसमाच्या शेवटच्या टप्प्यात एखादा मोठा संघ हरला की दुसऱ्या दिवशी पेठेत काय चर्चा होणार हे ठरलेलं असतं. गोलकीपर पुढे का आला, रेफ्रीनं हँडबॉल का दिला नाही, बदली खेळाडू इतक्या उशिरा का उतरवला, असं फिरत फिरत बोलणं शेवटी एकाच माणसावर येतं. कोच बदलायला पाहिजे. तोच संघ जिंकला तर खांद्यावर बसतो गोल मारणारा, गुलाल उधळला जातो संघ चालवणाऱ्या तालमीच्या नावानं, डिजिटल फलकावर फोटो लागतात नेत्यांचे आणि देणगीदारांचे. कोच त्या गर्दीत कुठेतरी कडेला असतो.

हीच मंडळी रात्री टीव्हीवर इंग्लंडचा सामना बघतात तेव्हा हिशोब नेमका उलटा होतो. मँचेस्टर सिटी जिंकली की ग्वार्डिओला जिंकला, लिव्हरपूलनं युरोप जिंकलं ते क्लॉपनं जिंकलं. तिथे खेळाडूंची नावं मागे पडतात आणि मॅनेजर देव होतो. घरच्या कोचला यशात वाटा नाही आणि परदेशातल्या मॅनेजरला सगळंच यश, हे दोन्ही एकाच चुकीतून येतं असं मला वाटतं. आपण करंडक मोजतो. माणसाच्या हातात काय दिलं होतं आणि जाताना तो काय ठेवून गेला, यातला फरक मोजत नाही. कोचचा रेकॉर्ड म्हणजे तो फरक. बाकीचं क्लबच्या नावावर जमा व्हायला हवं.

कार्लो अँचेलोटी हा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, पाच वेळा जिंकलेला एकमेव मॅनेजर. मिलानबरोबर २००३ आणि २००७, रिअल माद्रिदबरोबर २०१४, २०२२ आणि २०२४. इटली, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि स्पेन या पाचही मोठ्या लीग त्याच्या नावावर आहेत. याच माणसानं २०१९ च्या डिसेंबरात एव्हर्टनची सूत्रं हातात घेतली. पहिल्या मोसमात संघ बारावा आला, दुसऱ्यात दहावा. २०२१ च्या जूनमध्ये तो तिथून उठून माद्रिदला परतला आणि वर्षाच्या आत स्पेनची लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही घेऊन बसला. बारा महिन्यांत त्याला फुटबॉल जास्त कळायला लागलं नव्हतं. एव्हर्टनमध्ये त्याच्याकडे बेन्झेमा नव्हता, मॉड्रिच नव्हता, व्हिनिसियस नव्हता.

म्हणून त्याची कीर्ती फुकटची आहे का? अजिबात नाही. २०२२ ची सिटीविरुद्धची सेमीफायनल ज्यांनी बघितली त्यांना आठवेल. दोन्ही सामने मिळून माद्रिद दोन गोलांनी मागे, नव्वदावं मिनिट येत आलेलं, आणि मैदानात क्रूस, मॉड्रिच, कासेमिरो यांपैकी कोणीच नाही. ज्या तिघांनी माद्रिदला इतक्या फायनल जिंकून दिल्या त्यांना एकामागून एक बाहेर बसवायला छाती लागते. क्रूसच्या जागी आलेल्या रॉड्रिगोनं नव्वदाव्या आणि एक्क्याण्णवाव्या मिनिटाला दोन गोल मारले आणि सामना जादा वेळेत गेला. बाहेर काढलेले तिघं तोंड पाडून बसले नाहीत, बेंचवरून ओरडत होते. मोठ्या खेळाडूंना सांभाळणं, त्यांचा मान न दुखावता त्यांना बसवणं, हे अँचेलोटीचं खरं काम. ते काम मोठ्या नावांच्या संघातच दिसतं. त्याची कीर्ती योग्य आहे, पण ती एका विशिष्ट कामाची आहे. कोणताही संघ द्या, तो वर काढेल, असा तिचा अर्थ काढला तर ती अवाजवी ठरते.

पैशाचा मुद्दा इथेच बोलून टाकलेला बरा. इंग्लंडच्या फुटबॉलचा आर्थिक अंगानं अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवून दिली आहे. एखाद्या मोसमाचं सोडा, लांब पल्ल्याची सरासरी काढली तर कोणता क्लब खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करतो आणि तक्त्यात कितवा येतो, हे दोन क्रम बरेचसे जुळतात. नेदरलँड्सच्या लीगबद्दलचा एक निष्कर्ष तर त्याहून बोलका आहे. पडत्या काळात ज्यांनी कोच काढला त्यांचे निकाल सुधारले, हे खरंच. पण तशाच पडत्या काळात ज्यांनी कोच ठेवला त्यांचेही तितकेच सुधारले. संघ आपल्या नेहमीच्या पातळीखाली गेला होता, तो पुन्हा पातळीवर आला. नवा कोच नेमका त्या वेळी दारात उभा होता, म्हणून श्रेय त्याला.

मँचेस्टर युनायटेडनं २०१८ च्या डिसेंबरात ओले गुन्नार सोल्शारला तात्पुरतं आणलं तेव्हा हेच झालं. पहिल्या १९ सामन्यांत १४ विजय. लोक नाचायला लागले, क्लबनं मार्चअखेर त्याला कायम केलं आणि मोसम संपेपर्यंत संघ पुन्हा घसरला. त्या १९ सामन्यांत तो जादूगार नव्हता आणि पुढच्या महिन्यात मूर्खही झाला नव्हता.

युनायटेडचं नाव निघालं की त्यांचा जुना मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन याच्याकडे यावंच लागतं, कारण करंडक मोजणाऱ्यांचा सगळ्यात मोठा पुरावा तोच. युनायटेडबरोबर ३८ करंडक, त्यात १३ प्रीमियर लीग. हे आकडे एवढे मोठे आहेत की त्यांच्याखाली खरी गोष्ट दबून जाते. तो १९८६ च्या नोव्हेंबरात आला. १९८८-८९ मध्ये संघ अकरावा, त्याच्या पुढच्या मोसमात तेरावा. १९८९ च्या सप्टेंबरात सिटीनं ५-१ नं धुतलं. त्या वर्षाच्या शेवटी ओल्ड ट्रॅफर्डच्या प्रेक्षकांत एक फलक झळकला, तीन वर्षं नुसत्या सबबी ऐकल्या, आता निरोप घ्या, अशा अर्थाचा. ७ जानेवारी १९९० ला एफए कपच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर सामना होता. हरला तर फर्ग्युसन गेला, असं सगळे बोलत होते. मार्क रॉबिन्स नावाच्या पोरानं हेडरनं गोल केला, युनायटेड १-० नं जिंकलं आणि पुढे तो कपही घेतला, तोसुद्धा क्रिस्टल पॅलेसबरोबर ३-३ बरोबरी होऊन पुन्हा खेळलेल्या फायनलमध्ये. आपण त्याला काढणारच नव्हतो, असं क्लबच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं. खरंही असेल. पण समजा काढलं असतं, तर आज आपण फर्ग्युसनचं नाव घेतलं असतं का? आणि त्यानं त्या तीन वर्षांत पोरांची जी फळी उभी केली ती तर तेव्हाही तयार होत होतीच. स्काउट नेमले जात होते, दारू पिऊन सराव करणाऱ्यांना बाहेरची वाट दाखवली जात होती. काम तेच, फक्त तक्त्यात ते अजून उमटलं नव्हतं.

माझ्या लेखी फर्ग्युसनचा सर्वात मोठा पराक्रम युनायटेडमध्ये नाहीच. तो स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये आहे. सेल्टिक आणि रेंजर्स या दोन क्लबांनी वाटून घेतलेली लीग त्यानं १९८०, १९८४ आणि १९८५ अशी तीनदा जिंकली. १९८३ मध्ये युरोपियन कप विनर्स कपच्या फायनलमध्ये रिअल माद्रिदला २-१ नं हरवलं. १९८५ च्या त्या लीगनंतरच्या चाळीस मोसमांत सेल्टिक आणि रेंजर्स सोडून कोणालाही ती लीग जिंकता आली नाही. हातात काय होतं आणि काय करून दाखवलं, यातलं अंतर मोजायचं तर हे मोजा. १३ लीगपेक्षा या ३ लीग मला जड वाटतात. युनायटेडमधलंही त्याचं मोठेपण मी १९९५ च्या उन्हाळ्यात बघतो. इन्स, ह्यूज, कँचेल्स्किस असे तीन बिनीचे खेळाडू विकले आणि त्यांच्या जागी बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल अशी पोरं उभी केली. पहिलाच सामना ॲस्टन व्हिलाकडून ३-१ असा गमावला. मोसम संपला तेव्हा लीग आणि एफए कप दोन्ही त्यांच्याकडे होते.

त्याच्या जागेवर आलेल्या डेव्हिड मॉयसच्या वाट्याला काय आलं? ५१ सामन्यांत २७ विजय, सातवा क्रमांक आणि मोसम पुरा व्हायच्या आत हकालपट्टी. करार सहा वर्षांचा होता. त्या वेळी कोल्हापुरातल्या युनायटेडच्या चाहत्यांनीही त्याला काय काय म्हटलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता मागे वळून बघा. त्याच्यानंतर व्हॅन गाल आला, मोरिन्यो आला, सोल्शार आला, टेन हाग आला, अमोरिम आला. पैसा पाण्यासारखा ओतला, आणि एकालाही लीग जिंकता आली नाही. इतके नामांकित लोक एकाच खुर्चीत बसून अपयशी ठरत असतील तर दोष खुर्चीचा आहे, हे कळायला किती वर्षं लागावीत? मॉयसनं दरम्यान वेस्ट हॅमला २०२३ मध्ये कॉन्फरन्स लीग जिंकून दिली. त्या क्लबचा १९८० नंतरचा तो पहिला मोठा करंडक. त्याआधी एव्हर्टनला अकरा वर्षं एकही करंडक न जिंकता त्यानं जे स्थैर्य दिलं त्याची किंमत तर एव्हर्टनवाल्यांना तो गेल्यावरच समजली, आणि २०२५ च्या जानेवारीत त्यांनी त्याला परत बोलावलं.

क्लाउडिओ रानिएरीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, निदान अर्धी तरी. २०१५-१६ मध्ये लेस्टरनं प्रीमियर लीग जिंकली तेव्हा मोसमाच्या सुरुवातीला बुकींचा भाव एकास पाच हजार होता. अर्धी गोष्ट सांगताना जी दुसरी अर्धी गळते ती अशी, की त्याच्या दीड वर्ष आधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, ग्रीसनं रानिएरीला हाकललं होतं, कारण संघ घरच्या मैदानावर फेरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून हरला. आणि लीग जिंकल्यावर नऊ महिन्यांत, फेब्रुवारी २०१७ मध्ये, लेस्टरनंही त्याला हाकललं. एकच माणूस अडीच वर्षांत नालायक, मग महात्मा, मग पुन्हा नालायक. यातलं खरं कोणतं? माझ्या मते लेस्टरच्या लीगमधला त्याचा वाटा मोलाचा होता, पण लोक समजतात त्याहून लहान. आदल्या मोसमात तळाला गेलेल्या याच संघानं नायजेल पिअरसनच्या हाताखाली शेवटच्या नऊ सामन्यांपैकी सात जिंकून लीगमधली जागा राखली होती. म्हणजे संघ आधीच उठून उभा राहिला होता. मधल्या फळीतल्या कान्तेला हेरणारे स्टीव्ह वॉल्श आणि त्यांची शोधमंडळी क्लबात होती. रानिएरीनं सर्वात शहाणपणाचं काम केलं ते म्हणजे चाललेलं मोडलं नाही. नव्या कोचला स्वतःची छाप पाडायची खाज असते, ती त्यानं आवरली. हा गुणच आहे, आणि तो कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

वाट्याचा प्रश्न निघालाच आहे तर ब्रायन क्लफ या इंग्लिश मॅनेजरबद्दल बोलायला हवं. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये अडकलेलं नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ मध्ये वर आलं, १९७८ मध्ये लीग जिंकलं आणि १९७९ व १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, जिंकलं. जगात असं दुसरं उदाहरण दाखवा. त्याआधी क्लफनं डर्बीलाही १९७२ मध्ये लीग जिंकून दिली होती. पण डर्बीत आणि फॉरेस्टमध्ये, दोन्हीकडे त्याच्या शेजारी पीटर टेलर बसलेला होता. खेळाडू हेरायचे, कोणाला घ्यायचं आणि कोणाला सोडायचं हे टेलरचं क्षेत्र. १९७४ मध्ये क्लफ लीड्सला एकटा गेला, टेलर ब्रायटनलाच राहिला. लीड्सनं क्लफला ४४ दिवसांत घालवलं. १९८२ मध्ये टेलर फॉरेस्टमधून बाहेर पडला. त्यानंतरच्या अकरा वर्षांत क्लफनं लीग कप जिंकले, पण लीग नाही आणि युरोपही नाही. शेवटच्या मोसमात, १९९३ मध्ये, संघ तळाला जाऊन खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला. क्लफ बोलायचा, टीव्हीवर दिसायचा, त्यामुळे नाव त्याचं झालं. क्लफ मोठा होताच. तो ज्या जोडीतला एक होता ती जोडी त्याच्याहून मोठी होती. लिव्हरपूलच्या बॉब पेस्लीनं नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले तरी आजही गाणी आणि किस्से त्याच्या आधीच्या मॅनेजरचे, शँक्लीचे, याचं कारणही बरंचसं हेच आहे. पेस्ली कमी बोलायचा.

आर्सेनलचा मॅनेजर आर्सेन वेंगर याच्याबद्दल मात्र माझं मत बऱ्याच आर्सेनलवाल्यांना पटत नाही. २००३-०४ चा एकही सामना न हरलेला मोसम, ३८ पैकी २६ विजय आणि १२ बरोबरी, हा त्याचा कळस मानतात. २००५ ते २०१४ एकही करंडक नाही, ती त्याची उतरण. मला ती नऊ वर्षं जास्त अवघड वाटतात. क्लब २००६ मध्ये नव्या स्टेडियममध्ये गेला, डोक्यावर कर्ज, चांगला खेळाडू तयार झाला की विकायचा, आणि समोर चेल्सी व सिटीचे मालक थैली उघडून बसलेले. अशा काळात दर मोसमात पहिल्या चारांत राहणं, एकदाही न चुकता, हे काम अजिंक्य संघ चालवण्यापेक्षा कमी नाही. त्या अजिंक्य संघात ऑन्री होता, बर्गकाम्प होता, व्हिएरा होता. दोन वर्षं आधी तिथून निघाला असता तर त्याचा निरोप गोड झाला असता, हे मात्र मलाही मान्य आहे.

आता आपल्या देशाकडे. भारतीय संघाचे जुने कोच सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव आज लोकांना माहीत झालं आहे, पण त्यांच्या रेकॉर्डमधला एक सामना कोणी काढत नाही. १९५२ चं हेलसिंकी ऑलिम्पिक, युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. आजच्या रिवाजानं त्याच रात्री कोचची गच्छंती झाली असती. झाली नाही. १९५६ मध्ये मेलबर्नला भारत चौथा आला, नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली. १९६२ मध्ये जाकार्ताच्या आशियाई खेळांत पहिलाच सामना दक्षिण कोरियानं २-० नं घेतला आणि फायनलमध्ये त्याच कोरियाला आपण २-१ नं हरवलं. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला, म्हणजे संघाच्या मुख्य बचावपटूला, रहीमसाहेबांनी पुढे आघाडीला खेळवलं आणि विजयाचा एक गोल त्यानंच मारला. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगानं पोखरलेले होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यानंतर फुटबॉलमधलं आशियाई सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेलं नाही. १०-१ च्या रात्रीनंतर त्यांना आणखी दहा वर्षं मिळाली म्हणून हे घडलं.

भारताचा अलीकडचा एक कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन याच्या बाबतीत एका मिनिटानं काय होतं ते बघा. २०१५ मध्ये भारत फिफा क्रमवारीत १७३ वर होता, २०१७ मध्ये ९६ वर आला. कमकुवत देशांशी मैत्रीचे सामने खेळून क्रमांक फुगवला, ही टीका झाली आणि तीत तथ्य आहे. पण २०१९ च्या आशिया कपमध्ये थायलंडला ४-१ हरवलं ते काही फुगवून नाही. १९६४ नंतर त्या स्पर्धेत भारताचा पहिला विजय होता तो. १४ जानेवारीला शारजात बहरीनशी फक्त बरोबरी हवी होती. ०-० असताना नव्वद मिनिटं पुरी होत आली आणि आपल्या बॉक्समध्ये फाउल झाला. जादा वेळेत पेनल्टी, गोल, भारत गटात शेवटचा, आणि त्याच संध्याकाळी कॉन्स्टंटाइननं राजीनामा दिला. तो फाउल झाला नसता तर भारत बाद फेरीत असता आणि याच कोचचे फोटो बंगालपासून केरळपर्यंत लागले असते. त्याची चार वर्षांची मेहनत त्या एका पायामुळे चांगली किंवा वाईट कशी ठरते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

मानोलो मार्केझचं तर त्याहून ताजं. हैदराबादला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकून देणारा, गोव्याला सुपर कप जिंकून देणारा हा माणूस राष्ट्रीय संघाबरोबर आठ सामन्यांत एकच जिंकला, तोही मालदीवविरुद्ध. क्लबमध्ये त्याला रोज सकाळी खेळाडू मिळत होते, राष्ट्रीय संघात वर्षातून काही आठवडे. वर त्याच वेळी तो गोव्याचाही कोच होता, आणि ही दुहेरी नेमणूक फेडरेशननंच केली होती. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. २०१६-१७ मध्ये ऐझॉलसारख्या, आदल्याच मोसमात खाली घसरलेल्या आणि नशिबानं परत घेतलेल्या, छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणारा हा आपला माणूस. सुरुवातीला मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरं स्थान मिळवून दिलं तेव्हा जयजयकार, आणि दोन महिन्यांत सिंगापूरकडून मडगावात २-१ हरून आशिया कपची वाट बंद झाली तेव्हा शिव्या. ज्या देशाच्या लीगचंच भवितव्य त्या वर्षी टांगणीला लागलं होतं त्या देशाच्या कोचकडून आपण नेमकी कसली अपेक्षा करत होतो?

हे सगळं मी कोल्हापुरात बसून लिहितो आहे ते याचसाठी, की आपल्याकडेही तेच चाललं आहे आणि आपल्याला ते थांबवणं सोपं आहे. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, शिवाजी, खंडोबा, फुलेवाडी, ही नावं घेतली की इथल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. भर उन्हात गॅलरी भरते, बाया-माणसं, म्हातारी-कोतारी येतात. महाराष्ट्रात दुसरीकडे असं फुटबॉल मला दिसलेलं नाही. पण हल्ली मोसमाआधी ज्या तालमीकडे पैसा जास्त ती बाहेरचे खेळाडू आणते, आफ्रिकेतले परदेशी आणते, दुसऱ्या पेठेतली तयार पोरं उचलते. मग करंडक आला की तो कोणाच्या नावावर? आणि ज्या लहान संघाच्या कोचनं घरच्या पोरांवर वरिष्ठ गटातली जागा टिकवली, त्याचं नाव किती जणांना सांगता येईल?

गांधी मैदानावर सकाळी मी एका कोचला बघत आलो आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. विटांचे तुकडे मांडून दहा-बारा वर्षांची पोरं उभी करतो आणि एकच गोष्ट घोटून घेतो. "आधी मागं बघ, मग बॉल घे." बॉल पायाशी यायच्या आत पोरानं खांद्यावरून मागे बघायचं, मागे किती माणसं आहेत हे मोठ्यानं सांगायचं आणि मगच बॉल आतल्या बाजूनं वळवायचा. आकडा चुकला तर पुन्हा रांगेत. बाकी ओरडणं नाही, शिवी नाही. पुढे चार-पाच वर्षांनी त्यातलं एखादं पोर शाहू स्टेडियमवर मोठ्या संघाकडून खेळताना बॉल यायच्या आत मान वळवतं, आणि गॅलरी म्हणते, काय डोकं आहे पोराला! त्या पोरानं जिंकलेला सामना, त्या मोसमाचा करंडक, यातलं काहीही त्या सकाळच्या माणसाच्या नावावर कधीच जमा होत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो संघ तिन्ही सामने हरला, अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१, घानाकडून ४-०, आणि हे पराभव पोर्तुगीज कोचच्या खात्यावर पडले, जो त्याच वर्षी आला होता. पण या गावातून एक पोर विश्वचषकापर्यंत गेलं, हे कोणत्या कोचच्या खात्यावर लिहिलं?

कुस्तीत हेच गाव हा न्याय बरोबर करतं. वस्तादानं स्वतः किती गदा मारल्या हे विचारायच्या आधी त्याच्या हाताखाली कोण कोण घडलं हे विचारतं. त्याचा पठ्ठ्या दुसऱ्या आखाड्यात जाऊन मोठा झाला तरी पहिल्या वस्तादाचं नाव पुसलं जात नाही. पाया कोणी घातला हे लोक लक्षात ठेवतात, आणि पठ्ठ्याही जाहीर सांगतो. फुटबॉलचे आपले निम्मे संघ त्याच तालमींतून निघाले. मग हीच रीत आखाड्यातून मैदानावर का आली नाही?

यावर मला नेहमी मिळणारं उत्तर असं, की पेठेतली माणसं वर्गणी देतात, त्यांना निकाल पाहिजे. कोचला पाच वर्षं दिली आणि संघ तळाला गेला तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. सगळेच कोच निष्पाप असतात असं मी म्हणत नाही. खेळाडूंशी उद्धट वागणारे, एकाच डावपेचाला चिकटून बसणारे, चांगल्या पोराला वशिल्यासाठी बाहेर बसवणारे असतातच, आणि त्यांना घालवायलाच पाहिजे. मोरिन्योसारखा थोर मॅनेजरही चेल्सीला लीग जिंकून दिल्यावर सात महिन्यांत, संघ सोळाव्या क्रमांकावर असताना गेला, कारण खेळाडू त्याच्यामागे उभे राहिले नव्हते. पण हे ठरवायला काहीतरी बघावं लागतं. मागच्या वर्षी किती गुण होते, यंदा किती. अकरापैकी घरची पोरं किती. संघ शेवटच्या पंधरा मिनिटांत गोल खातो का, कारण तिथे दम दिसतो आणि दम सरावात तयार होतो. कोचला खेळाडू निवडायचा अधिकार होता का, की पदाधिकाऱ्यांनी नावं हातात दिली. इथल्या वर्तमानपत्रांत सामन्याची बातमी इतकी तपशीलवार येते की गोल कितव्या मिनिटाला, पास कोणाचा, कार्ड कोणाला, सगळं असतं. त्याच बातमीत दोन्ही कोचची नावं आणि घरच्या पोरांची संख्या छापली तर पाच वर्षांत असा रेकॉर्ड तयार होईल की कोणाची कीर्ती खरी हे भांडून ठरवायची गरज उरणार नाही.

आणि एक गोष्ट तालमींनीच करायची आहे. आज बऱ्याचदा खेळाडूंची नोंदणी आधी होते, संघ पदाधिकाऱ्यांच्या बैठकीत ठरतो आणि कोच त्यानंतर बोलावला जातो. दुसऱ्यानं निवडलेला संघ त्यानं चालवायचा आणि हरला की घरी जायचं. येत्या मोसमात नोंदणीची खिडकी उघडायच्या आधी कोचचं नाव जाहीर करा, दोन मोसमांसाठी करा, आणि खेळाडूंच्या यादीवर त्याची सही घ्या. मग हरल्यावर त्याला जाब विचारायचा हक्क पेठेला नक्की आहे, आणि जिंकल्यावर त्या फलकावर त्याचा फोटो लावायचाही.